नजमाभाभींच्या कॉम्प्युटरची तारीख

या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी आवडीनं वाचतो, पण खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात त्यांची कारणं शोधत असतो. बहुतेक वेळा सापडतात. माझा पेशाच तसा आहे. सिमेंटच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून उभा जन्म गेला. काटा चुकीचं दाखवत असेल तर काटा बिघडलेला असतो, नाहीतर वायर. तिसरं कारण मला आजवर कधी भेटलेलं नाही. देवाला नमस्कार करतो, पण संकेत, चाहूल, आतला आवाज वगैरे प्रकारांशी माझं कधी जमलं नाही.

तरीही हे लिहितोय, कारण या एका गोष्टीचं कारण मला वीस वर्षांत सापडलेलं नाही. नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं...

साल २००२. आम्ही दुबईच्या पुढं, रास अल खैमाला, नखील भागात राहत होतो. पाच मजली बिल्डिंग, खाली एका मल्याळी माणसाची ग्रोसरी आणि शेजारी लाँड्री. तिसऱ्या मजल्यावर ३०२ मध्ये मी आणि माझी बायको वैशाली. ३०४ मध्ये युसुफभाई, नजमाभाभी आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी सना. माणसं श्रीवर्धनजवळच्या एका गावची. घरात आपसात त्यांची कोकणी चालायची, पण भाभी गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, त्यामुळे आमच्याशी स्वच्छ मराठी बोलायच्या. नखीलमध्ये मराठी ऐकायला मिळणं म्हणजे चैन होती. वैशाली आणि भाभी यांचं आठवड्याभरात गूळपीठ जमलं.

युसुफभाई तेलाच्या विहिरींना डिझेल, पाणी, किराणा पोचवणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. एकदा गेले की दोन महिने, कधी तीन. परत कधी येणार हे कुणालाच सांगता यायचं नाही. बदली माणूस आला, हवामान ठीक असलं आणि बोट बंदराला लागली तर येणार. कंपनी एक तारीख सांगायची आणि ती हमखास चुकायची.

त्या कंपनीनं घरच्यांसाठी इंटरनेटवर एक पान उघडलं होतं. नाव-पासवर्ड टाकून बोटीवरच्या माणसाला चार ओळींचा निरोप धाडता यायचा. त्यासाठी आणि सनाच्या अभ्यासासाठी म्हणून युसुफभाईंनी एक जुना कॉम्प्युटर आणला होता. विंडोज ९८, डायल-अप, टेलिफोनची लाइन लावली की ते खरखरणं... ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल. मी शुक्रवारी ओळखीपाळखीच्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून द्यायचो. हौस म्हणून.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर भाभींनी दार वाजवलं.

"भाऊ, जरा बघता का? कंपनीच्या पानावर काहीतरी सर्टिफिकेट मागतोय. आमच्याकडे कसलं सर्टिफिकेट?"

गेलो. स्क्रीनवर ती नेहमीची पिवळी खूण असलेली चौकट आली होती — या साइटचं सिक्युरिटी सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय किंवा अजून लागू झालेलं नाही, पुढे जायचं का? 'येस' दाबलं तर पान उघडायचं, पासवर्ड घ्यायचं आणि परत पासवर्डच विचारायचं. गोल गोल.

असं झालं की पहिल्यांदा घड्याळ बघायचं. सर्टिफिकेटला मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख चुकली की त्याला वाटतं मुदत संपली. मी खाली कोपऱ्यात बघितलं. २६ एप्रिल २०९८.

"हे बघा," मी म्हटलं, "तुमचा कॉम्प्युटर शंभर वर्षं पुढं गेलाय."

सना मागून म्हणाली, "नाइन्टी-सिक्स, अंकल."

तारीख नीट केली, पान उघडलं, भाभींनी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दार वाजलं. बंद करून चालू केला की परत २६ एप्रिल २०९८. पुन्हा नीट केली, पुन्हा तेच. यात नवल काही नाही. आत मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती उतरली की घड्याळ भरकटतं. "बॅटरी आणतो," म्हटलं आणि कामाच्या गडबडीत विसरून गेलो.

२६ तारखेला, शुक्रवारीच, युसुफभाई घरी आले. त्यांनीच कॉम्प्युटरची तारीख नीट केली आणि ती नीट राहिली. बॅटरीचं मग कुणी काढलं नाही. मीही नाही.

जूनमध्ये पुन्हा तीच चौकट आली. या वेळी मी पाच दिरहमची, म्हणजे पासष्ट रुपयांची, बॅटरी खिशात घालूनच गेलो. स्क्रीनवर ४ जुलै २०९८ होतं. मी सीपीयूचा स्क्रू काढायला लागलो तर भाभींनी हात आडवा केला.

"राहू दे भाऊ."

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे."

"राहू दे. चार जुलै जाऊ दे."

मला काही कळेना. त्यांनी स्वयंपाकघरातून ग्रोसरीवाल्याचं फुकट मिळालेलं कॅलेंडर आणून दाखवलं. एप्रिलच्या २६ भोवती पेन्सिलीनं गोल होता.

"तेव्हा कॉम्प्युटर सव्वीस दाखवत होता की नाही? सव्वीसलाच आले."

"आणि ते अठ्ठ्याण्णव साल?"

"साल कशाला बघायचं? तारीख नि महिना बघा."

मी हसलो. त्याही हसल्या, म्हणजे त्या काही भारावून वगैरे बोलत नव्हत्या. गावाकडून एखादं पत्र यावं आणि त्यात असेल ते आपण मान्य करावं, असा तो सूर होता. मी म्हटलं, अहो पण पान उघडणार नाही, निरोप जाणार नाही. त्या म्हणाल्या, "निरोपात काय, बरी आहे, सना बरी आहे, एवढंच तर. ते त्यांना ठाऊक आहेच. मला तारीख कळते ना, बस."

युसुफभाई ४ जुलैला दुपारी आले.

मला पहिला संशय सनाचा आला. बाबांचा फोन वगैरे येत असेल, ही पोर गंमत म्हणून तारीख बदलत असेल. एकदा जिन्यात गाठून विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"व्हाय वुड आय डू दॅट? आय नीड द इंटरनेट फॉर माय प्रोजेक्ट."

ते खरं होतं. त्या चौकटीचा सगळ्यात जास्त वैताग तिलाच यायचा.

तिसऱ्यांदा ऑक्टोबरात. कंपनीनं सांगितलं होतं, तीस तारखेला रिलीफ मिळेल. कॉम्प्युटर म्हणत होता १९. एकोणीसला सकाळी भाभींनी वैशालीकडून खोबरं खवायची विळी नेली, आणि संध्याकाळी युसुफभाई कलिंगड घेऊन आमच्या दारात उभे होते. बदली माणूस आधी मिळाला, म्हणाले.

तीनदा. मी स्वतःला सांगितलं, योगायोग. रात्री जेवताना वैशाली म्हणाली, "तीनदा योगायोग होतो का हो?" मी म्हटलं, "होतो. चारदाही होतो." वाद तिथंच संपला.

यानंतरचा भाग लिहिताना मला फारसं बरं वाटत नाही, पण तो लिहायला हवा.

२००३ चा जानेवारी संपता संपता आखातात जोराचा शमाल आला, म्हणजे उत्तरेकडचा वारा. चार दिवस रस्त्यावर वाळू आणि समुद्रात डोंगराएवढ्या लाटा. पाचव्या दिवशी कंपनीतून फोन आला की युसुफभाईंच्या बोटीशी संपर्क तुटलाय, बोटीवर सहा माणसं आहेत, शोध चालू आहे. आठवड्यानं पुन्हा फोन... एक रबरी तराफा रिकामा सापडला. मग फोन यायचे बंद झाले. आपण केला तर "इन्शाल्ला, वी विल इन्फॉर्म यू." त्या वर्षी सगळीकडे युद्धाची हवा होती. आखातात लढाऊ जहाजं येत होती, एका छोट्या बोटीकडे बघायला कुणाला वेळ असणार?

आणि नजमाभाभींचा कॉम्प्युटर ९ मार्च २०९८ दाखवत होता.

चौकट आली होती वादळाच्या आदल्या दिवशी. मी पाहिली होती, म्हणून सांगतो. भाभी रडल्या नाहीत असं नाही, पण त्या मोडल्याही नाहीत. सकाळी उठून सनाला शाळेत पाठवायच्या, कपडे वाळत घालायच्या, कॉम्प्युटर एकदा चालू करून बघायच्या आणि बंद करायच्या. लोक भेटायला यायचे, बायका गळ्यात पडायच्या, तर त्या म्हणायच्या, "अजून तारीख पुढं आहे." बायकांना वाटायचं, कंपनीनं काही तारीख दिली असेल. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं कुठली तारीख.

युसुफभाईंचा धाकटा भाऊ इक्बाल अबुधाबीला मुसफ्फात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. बकरी ईदच्या सुट्टीत तो आला. ईद कसली... घरात काही शिजलं नव्हतं, वैशालीनंच डबा दिला होता. शुक्रवारी नमाजहून आल्यावर तो थेट आमच्याकडे आला. पंचविशीचा पोरगा, हातावर वेल्डिंगचे डाग. बसला नाही.

"भाई, तो कॉम्प्युटर दुरुस्त करा."

मी खुर्ची पुढं सरकवली.

"मला सनानं सगळं सांगितलंय. माझी भाभी वेडी होईल. गावाला आई अंथरुणाला खिळलीय, रोज फोन करते, नजमाला माझ्याजवळ घेऊन या म्हणते. मौलवीसाहेबांना विचारलं, ते म्हणाले थांबा, तो गेला असं धरायची घाई करू नका. थांबू, पण ही तर कसली वाट बघतेय? मशिनीची? नऊ मार्चला कोणी आलं नाही की काय होईल तिचं? मला ती वेळ यायच्या आधी ते खलास करायचंय."

मला त्याचं पटलं. आजही पटतं. बिघडलेला काटा कुणी खरा मानत असेल तर काटा नीट करणं हे माझं काम आहे, एवढा सरळ विचार मी केला.

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तिला विचारून करा," म्हणाली.

मी विचारलं नाही. इक्बालनं भाभींना आत बोलण्यात गुंतवलं आणि मी दहा मिनिटांत बॅटरी बदलली. जुनी मीटरवर तपासली होती... पार उतरलेली. नवी तीन व्होल्ट, भरपूर. कॉम्प्युटर चालू केला, तारीख घातली, १४ फेब्रुवारी २००३. बंद केला, चालू केला. १४ फेब्रुवारी. पाच वेळा केलं. पाचही वेळा बरोबर. कंपनीचं पान उघडलं, चौकट नाही, काही नाही.

इक्बालनं भाभींना बोलावलं. "बघ भाभी, भाईंनी बॅटरी बदलली. बॅटरीच गेलेली होती. आता बरोबर दाखवतोय."

भाभींनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही केलंत, भाऊ?"

"हो."

त्या चहाचे कप उचलून आत गेल्या. बाहेर आल्याच नाहीत.

निघताना मला आणखी एक सुचलं. न जाणो, कुणी हातानं तारीख बदलत असेल तर? म्हणून मी कॉम्प्युटरची पॉवर केबल काढून घरी घेऊन आलो. वैशालीनं ती टेबलावर पाहिली आणि त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर मी केबल घेऊन ३०४ मध्ये गेलो. इक्बाल होता, सना होती. भाभी आतल्या खोलीत. मी स्वतःच्या हातानं केबल जोडली, बटण दाबलं. विंडोज उघडलं. कोपऱ्यात वेळ आली, तिच्यावर बाण नेला की तारीख दिसते.

९ मार्च २०९८.

इक्बाल काहीतरी अरबीत पुटपुटला. सना म्हणाली, "आय डिडन्ट टच इट. नोबडी टच्ड इट."

मी सीपीयू उघडून बॅटरी पुन्हा मोजली. तीन व्होल्ट. जागेवर घट्ट बसलेली. संपर्क स्वच्छ. त्या खोलीत मी किती वेळ जमिनीवर बसून राहिलो, सांगता येणार नाही. उठलो तेव्हा भाभी दारात होत्या. त्यांनी विचारलंही नाही काय दिसतंय ते.

"चहा ठेवते," म्हणाल्या. माझ्यावर राग नव्हता. ते जास्त जड गेलं.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल — राइस कुकरची केबल कॉम्प्युटरला बसते. बसते. हे मलाही नंतर सुचलं आणि त्यांच्या घरी राइस कुकर होता. कुणी ती लावून तारीख बदलली असेलही. मी ही शक्यता खोडून काढू शकत नाही. पण मग ती तारीखच का, याला उत्तर नाही. ते पुढं सांगतो.

नऊ मार्चला रविवार होता, म्हणजे तिथं कामाचा दिवस. मी कारखान्यात गेलो. इक्बाल रजा टाकून आदल्या दिवशीच आला होता. त्याचा तारखेवर विश्वास नव्हता. तारीख रिकामी गेली की भाभीजवळ कुणीतरी असावं, म्हणून आला होता. वैशालीही सकाळपासून तिथंच होती. पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलंय.

भाभींनी सकाळी घर झाडलं, सनाला शाळेत जाऊ दिलं, दुपारी सगळ्यांना जेवायला वाढलं. दोन वाजले, तीन वाजले. इक्बाल येरझारा घालत होता. भाभी सोफ्यावर बसून सनाच्या फ्रॉकची शिवण उसवत होत्या. फ्रॉक आखूड झाला होता, खालची पट्टी मोकळी करायची होती. वैशालीला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, अजान होऊन गेली.

मग फोन वाजला. इक्बालनं उचलला.

"हॅलो... कोण?"

त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"कोण?"

आणि तिसऱ्यांदा "कोण?" म्हणताना तो भिंतीला टेकून खाली बसला. भाभींनी सुई फ्रॉकला टोचून ठेवली, उठल्या, त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाल्या, "कुठं उतरलात?"

वैशाली म्हणते, आवाज अगदी नेहमीचा. बाजारातून यायला उशीर झालेल्या माणसाला विचारावं तसा.

युसुफभाई खोर फक्कानच्या बंदरात उतरले होते. एका मालवाहू लाँचनं आणून सोडलं होतं, अंगावर दुसऱ्याचे कपडे, खिशात काही नाही. जेट्टीवरच्या एका पठाणाच्या दुकानातून फोन केला होता. मी घरी पोचलो तेव्हा इक्बाल टॅक्सी करून त्यांना आणायला निघत होता. मीही बसलो. रस्ताभर त्या पोरानं माझा हात धरून ठेवला होता. एकदा फक्त म्हणाला, "भाई, मी तर गावाला सगळ्यांना सांगून टाकलं होतं..."

झालं होतं असं — वादळात इंजिन बंद पडलं, बोट वाहत पलीकडच्या, इराणच्या, किनाऱ्याला लागली आणि खडकावर फुटली. सहापैकी पाच वाचले. सहावा केरळचा होता, त्याच्याबद्दल युसुफभाई कधीच बोलले नाहीत. तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळलं, खाऊपिऊ घातलं. पण पासपोर्ट समुद्रात, कागद काही नाही, भाषा येत नाही. तिथली चौकशी, तिथले शिक्के... यात पाच आठवडे गेले. फोन करू द्या म्हणून रोज विनवण्या.

महिन्याभरानं माणूस जरा सावरल्यावर मी त्यांना विचारलं. आम्ही दोघं गच्चीवर उभे होतो, शुक्रवारची दुपार होती.

"युसुफभाई, सोडणार हे तुम्हाला आधी कधी कळलं?"

"कळलं कुठं? त्याच दिवशी पहाटे एक माणूस आला, म्हणाला यल्ला, उठा, लाँच जातेय. चपला घालायला पण वेळ दिला नाही."

"तारखेचा अंदाज होता?"

"तारीख? तिकडे त्यांचं कॅलेंडरच वेगळं. कुठला महिना चाललाय हे पण मला ठाऊक नव्हतं, भाऊ. खोर फक्कानला उतरल्यावर त्या पठाणाच्या दुकानात वर्तमानपत्र होतं, त्याच्यावर बघितली."

मी त्यांना कॉम्प्युटरचं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं, भाभींनी सांगितलं होतं. त्यांनी खांदे उडवले. "बायकांचं असतं काहीतरी," म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

त्यानंतर ते पुन्हा बोटीवर गेले नाहीत. इक्बालच्या ओळखीनं मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्तीचं काम मिळालं आणि जूनमध्ये सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. मार्चपासून जूनपर्यंत तो कॉम्प्युटर एकदाही चुकला नाही. सनाला नवीन हवा होता, म्हणून जाताना जुना त्यांनी मला देऊन टाकला. भाभी वैशालीला भेटून जायचं म्हणत होत्या, पण ती तेव्हा नाशिकला होती.

मी तो घरी आणून पार सुटा केला. मदरबोर्ड, बॅटरी, घड्याळाचा क्रिस्टल, तारा... जे तपासता येतं ते कारखान्यातल्या मीटरवर तपासलं. एकही दोष नाही. विंडोज पुन्हा टाकलं. काही नाही. साधा, थोडा हळू चालणारा, निरोगी कॉम्प्युटर.

एवढ्यावर मी थांबू शकलो असतो. पण अनुभव लिहायचा तर पूर्ण लिहावा.

वैशाली मे महिन्यात भावाच्या लग्नाला म्हणून नाशिकला गेली होती. पंधरा दिवसांत येणार होती. मग एक महिना झाला. फोनवर मी विचारायचो, तिकीट कधीचं काढू? ती म्हणायची, "बघू." भांडण नव्हतं. तिथं तिला एका शाळेत शिकवायचं काम मिळालं होतं, इकडे चार भिंतींत ती काय करत होती हे मलाही ठाऊक होतं. तिला विचारून मी फारशा गोष्टी केल्या नव्हत्या, हेही ठाऊक होतं.

तर त्या जुलैमध्ये मी तो कॉम्प्युटर जोडून आमच्या हॉलमध्ये ठेवला. माझा स्वतःचा चांगला नवा होता, मला याची काही गरज नव्हती. ड्युटीवरून आलो की बूट काढायच्या आधी त्याचं बटण दाबायचो. विंडोज उघडेपर्यंत उभा राहायचो. मग कोपऱ्यातल्या वेळेवर बाण न्यायचो. अकरा दिवस हे केलं. अकराही दिवस त्यानं बरोबर तारीख दाखवली. त्या त्या दिवसाची. वर्षही बरोबर. बाराव्या दिवशी मी तो खोक्यात भरला आणि लाँड्रीवाल्याच्या पुतण्याला देऊन टाकला.

वैशाली सप्टेंबरमध्ये आली. विमानात बसायच्या आदल्या दिवशी तिनं कळवलं. त्या अकरा दिवसांबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. आता ती हे वाचेल.

नजमाभाभींच्या घरी त्या तारखा कुठून येत होत्या, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या घरी का आल्या नाहीत, याचंही नाही.